खाली जागा सोड

खानापुरात, मलप्रभेच्या अलीकडे, रुळांना लागून
आमची दफनभूमी. कुंपण निवडुंगाचं,
फाटक कुणाच्या तरी जुन्या लोखंडी पलंगाचं.
इथं सगळ्यांचे पाय पूर्वेला.
उठल्याबरोबर तोंड त्याच्याकडेच व्हावं म्हणून,
असं आई सांगते,
खाट कुठं टाकायची ते सांगावं तसं.

मनश्शेला इथं आणून सव्वा वर्ष झालं.
वीजमंडळात लाइनमन होता.
हलशीच्या रस्त्याला तार तुटली होती,
लाइन बंद केलीय, असा वरून निरोप होता.
निरोप खरा नव्हता.
एकोणतीस वर्षांचा. पायात बूट माझे होते.

दगड कोरायला इरण्णा बडिगेर आला.
पोत्यावर काळा दगड आडवा घालून म्हणाला,
"अक्षराला तीस पडतंय बघा अक्का,
जोडाक्षराला चाळीस.
कन्नडात घातलं तर कमीत बसतंय."
"मराठीत घाल," आई म्हणाली,
"नावच जोडाक्षराचं ठेवलंय, आता काय करतोस."

आधी जन्म. मग 'येशूत झोपी गेला'. मग ती तारीख.
"आणि खाली वीतभर जागा सोड."

इरण्णानं आईकडे बघितलं, मग माझ्याकडे.
अशी जागा त्याच्या ओळखीची.
नवरा गेला की बायका सोडून घेतात, बायको गेली की नवरे.
हळूच म्हणाला, "तुमचं नाव नंतर घालायला, होय?"

"माझा दगड वेगळा असू दे.
ही त्याच्या उठण्याच्या तारखेला."

छिन्नी थांबली.
मी रुळांकडे बघत राहिलो.
लोंढ्याकडे मालगाडी चालली होती, डबे मोजले.
एक्केचाळीस. मग चुकलो.

आमच्या भागाला वाट बघणं नवीन नाही.
निकाल लागायचाय, लागायचाय म्हणत वडील गेले,
त्यांच्या ट्रंकेतल्या कागदांना कसर लागली,
दुकानांच्या पाट्या दोनदा रंगल्या, तीनदा पुसल्या.
तसली वाट बघून माणूस कडवट होतं,
मी झालोय थोडा.

आईचं वाट बघणं दुसरं.
मिशनच्या दवाखान्यात चौतीस वर्षं रात्रपाळी.
पहाटे तीनला कुणी विव्हळलं
तर 'बरं वाटेल' असं ती म्हणत नसे.
म्हणायची, "डॉक्टर निघालेत."
आणि लगेच कंदिलाची वात मोठी करायची,
पाणी उकळायला ठेवायची, चादर नीट करायची.
मी लहानपणी विचारलं होतं, खरंच निघालेले असायचे?
"उशीर व्हायचा. पण आलेच नाहीत
अशी रात्र मला आठवत नाही."

माझा धीर तेवढा नाही.
रविवारी सगळ्यांबरोबर 'प्रभू, लवकर ये' म्हणताना
मला आधी ते बूट दिसतात,
टाचेकडून जळालेले.
मग 'लवकर' हा शब्द
माझ्या तोंडून जरा रागानंच निघतो.
आईला तो ऐकू येतो. ती काही बोलत नाही,
गीताचं पुस्तक माझ्याकडे थोडं सरकवते.

उन्हं कलली तसा इरण्णा छिन्नी पुसत उठला,
आणि त्याच्या भाषेत, दगडालाच विचारावं तसं,
"बरतारेन्री, अक्का?"
येतील का हो. एवढंच.
आई त्याच्याच भाषेत म्हणाली,
"बरतार."
आणि पदरानं दगडावरची भुकटी झटकली.

रिकाम्या जागेचे पैसे त्यानं लावले नाहीत.
पण निघता निघता परत खाली बसला
आणि ती वीतभर जागा घासत राहिला,
पाणी मारून, पुन्हा घासून,
उद्याच तिथं कोरायचं असल्यासारखी.

शनिवारी मी तण उपटायला जातो.
पावसानं अक्षरांत शेवाळ धरलंय,
त्या जागेत धरलेलं नाही.
दुपारचा तिथं हात ठेवला तर दगड गरम लागतो.

परवा बेळगावात गेलो होतो, नवे बूट घेतले.
आठ नंबर.
आम्हा दोघांचं माप एकच.